ऊसनोंदीसारखीच शिष्यवृत्तीचीही नोंद वेळेवर करा



ऊस कितीही जोमदार असो, त्याची नोंद शेतकी कचेरीत नसेल तर तोडणीच्या कार्यक्रमात त्याचा नंबर लागत नाही, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. शेजाऱ्याचा बेताचा ऊस नोंदीप्रमाणं वेळेवर तुटून जातो आणि बिगरनोंदीचा चांगला ऊस तुरे येऊन फडातच हलका होतो. कॉलेजच्या शिष्यवृत्तीचं नेमकं असंच आहे. मुलगा हुशार आहे, मुलीला चांगले गुण आहेत, एवढ्यावर कोणी घरी येऊन पैसे देत नाही. ज्याचे कागद वेळेवर तयार, त्याचा नंबर लागतो. ज्याचे कागद अर्धे, त्याला पात्र असूनही पूर्ण फी भरावी लागते.

आपल्या पत्रिकेत मी नेहमी बेणं, खत, ठिबक आणि खोडव्याबद्दल लिहितो. मग ऊसवाल्या माणसानं शिष्यवृत्तीवर का लिहावं? कारण शिवारफेरीत जून-जुलैमध्ये उसापेक्षा हाच प्रश्न जास्त निघतो. "पोरीचा नंबर त लागला साहेब, पन आता वावर इकाव लागते का काय?" असं विचारणारे सभासद दर गटात भेटतात. कोणी सोनं गहाण ठेवतो, कोणी सावकाराकडं जातो, तर कोणी मुलीला एक वर्ष घरी बसवतो. त्यातल्या बऱ्याच घरांना फीची सवलत मिळू शकते, हे त्यांना माहीतच नसतं.

"आपण तर बागायतदार"

पहिला गैरसमज हाच. एका सभासदानं मला सरळ सांगितलं, "साहेब, आपून ऊसवाले. आपल्याले कोन देते इस्कालरशिप?" त्यांचं क्षेत्र ४ एकर. आपण हिशोब मांडून पाहू.

समजा २ एकरांत ऊस आहे. एकरी ३५ टन धरला तर ७० टन होतो. हिशोबाच्या सोयीसाठी टनाला ३,००० रुपये धरले, तर बिल २,१०,००० रुपये. त्यातून बेणं, नांगरट, खत, मजुरी, पाण्याचा खर्च गेला, की हाती किती उरतं हे मी सांगायला नको. उरलेल्या २ एकरांत सोयाबीन आणि तूर. सगळं मिळून या घराचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या जवळपासही जात नाही. आणि महाराष्ट्र शासनाच्या फीसवलतीच्या मोठ्या योजनेची मर्यादा ८ लाख रुपये आहे. म्हणजे हे सभासद पात्र आहेत, आणि त्यांना वाटतं आपण नाही.

दुसरी गोष्ट क्षेत्राची. सर्व मिळून २ हेक्टरपर्यंत जमीन असणारा शेतकरी अल्पभूधारक धरला जातो. २ हेक्टर म्हणजे साधारण ४ एकर ३७ गुंठे. आपल्या वऱ्हाडात भावाभावांत वाटण्या होऊन इतकीच जमीन राहिलेली घरं पुष्कळ आहेत. आठ-अ चा उतारा काढून आपलं एकूण क्षेत्र एकदा पाहून घ्या. बागायत आहे की कोरडवाहू, एवढ्यावरून स्वतःच स्वतःला अपात्र ठरवू नका.

आपल्याच मातीतलं उदाहरण

शिष्यवृत्ती घेणं म्हणजे कुणापुढं हात पसरणं, असंही काही जुन्या मंडळींना वाटतं. त्यांनी डॉ. पंजाबराव देशमुखांची आठवण करावी. भाऊसाहेबांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ चा, अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचा, शेतकऱ्याच्या घरातला. १९२० साली ते शिकायला विलायतेला गेले, तेव्हा घरच्यांनी त्यासाठी कर्ज उभं केलं. पुढं एडिंबरो विद्यापीठात संस्कृतच्या अभ्यासासाठी त्यांना व्हान्स डनलॉप शिष्यवृत्ती मिळाली. ते बॅरिस्टर झाले, ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेतली आणि परत अमरावतीला आले. १९३२ साली त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. १९५२ पासून दहा वर्षं ते देशाचे कृषिमंत्री होते. अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९ साली सुरू झालं, ते त्यांच्याच नावानं चालतं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. अशा माणसांना शिष्यवृत्ती घ्यायला कमीपणा वाटला नाही. आपल्या राज्यात आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांना फीमाफी देण्याचं धोरण यशवंतराव चव्हाणांनी १९५९ साली सुरू केलं. आज खेड्यापाड्यांतले जे शिक्षक, ग्रामसेवक, बँकवाले दिसतात, त्यांच्यातले कितीतरी जण त्या 'ई.बी.सी.'वर शिकलेले आहेत. हा आपला हक्क आहे. मात्र हक्क कागदावर मागावा लागतो.

मुख्य योजना कोणत्या?

सगळ्या योजना इथं देत नाही. आपल्या सभासदांच्या घरी ज्या उपयोगी पडतील, तेवढ्याच सांगतो. महाराष्ट्र शासनाच्या बहुतेक योजनांचा अर्ज 'महाडीबीटी' या एकाच सरकारी संकेतस्थळावर होतो आणि केंद्र सरकारच्या योजनांचा 'राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल'वर. ही दोन नावं घरात लिहून ठेवा.

१) राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती : खुल्या प्रवर्गातल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांसाठी. इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषी अशा व्यावसायिक शिक्षणाची निम्मी शिक्षण फी आणि परीक्षा फी शासन भरतं. एका घरातल्या दोन मुलांपर्यंत हा लाभ मिळतो. वसतिगृह, खानावळ, कॉलेजचं विकास शुल्क यांत येत नाही, तो खर्च वेगळा धरावा.

२) मुलींसाठी पूर्ण फीमाफी : शासनाच्या जुलै २०२४ च्या निर्णयानं आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्ग यांतल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी निम्म्याऐवजी संपूर्ण माफ झाली. २०२४-२५ पासून ही सवलत आहे. खाजगी विद्यापीठं आणि अभिमत विद्यापीठं यांतून वगळली आहेत. "पोराले शिकवू, पोरीचं पाहू मंग" असं म्हणणाऱ्यांनी हा मुद्दा दोनदा वाचावा. आता हिशोबानंसुद्धा मुलीचं शिक्षण स्वस्त पडतं.

३) मागासवर्गीयांच्या शिष्यवृत्त्या : अनुसूचित जातीच्या मुलांना २.५ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर फी आणि निर्वाह भत्ता दोन्ही मिळतात. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फीमाफीची वेगळी योजना आहे. अनुसूचित जमाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती, इतर मागास वर्ग यांच्याही स्वतंत्र योजना आहेत. आपल्याकडं कुणबी, माळी, तेली या समाजातले सभासद मोठ्या संख्येनं आहेत, त्यांनी इतर मागास वर्गाच्या योजना पाहाव्यात.

४) डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता : फी माफ झाली तरी अमरावती, नागपूर, पुण्यात राहायचं कसं? त्यासाठी ही योजना २०१६-१७ ला निघाली. व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या अल्पभूधारक शेतकऱ्याच्या मुलांना सुरुवातीला मोठ्या शहरांत वर्षाला ३०,००० आणि इतर ठिकाणी २०,००० रुपये असा दर होता. नंतर दरांत बदल झाले, तेव्हा अर्जाच्या वेळी चालू दर पाहून घ्यावा. हा भत्ता फीच्या सवलतीबरोबर घेता येतो. तलाठी-तहसीलचा अल्पभूधारक दाखला यासाठीच लागतो. अनुसूचित जातीच्या ज्या मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, त्यांच्यासाठी 'स्वाधार', अनुसूचित जमातीसाठी 'स्वयम्' आणि इतर मागास वर्गासाठी 'आधार' अशा योजना आहेत.

५) बारावीच्या गुणांवरची केंद्राची शिष्यवृत्ती : ही साध्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करणाऱ्यांनाही चालते, म्हणून महत्त्वाची. उत्पन्न मर्यादा ४.५ लाख. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. अट अशी, की विद्यार्थी आपल्या बोर्डात आपल्या शाखेच्या वरच्या २० टक्के मुलांत बसला पाहिजे. याचा अर्थ ८० टक्के गुण हवेत असा नाही. एखाद्या शाखेत ७० टक्क्यांनाही नंबर लागू शकतो. "आपल्याले ऐंशी कुठं पडले" म्हणून अर्ज न करणं हे नुकसानीचं आहे.

६) 'प्रगती' शिष्यवृत्ती : तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता असलेल्या कॉलेजात पदवी किंवा पदविकेच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्या मुलींसाठी वर्षाला ५०,००० रुपये. उत्पन्न मर्यादा ८ लाख, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत.

एकाच शिक्षणासाठी दोन सरकारी शिष्यवृत्त्या बहुधा एकदम घेता येत नाहीत. तेव्हा दोन्हींची रक्कम मांडून जी मोठी, ती धरावी.

ज्यांची मुलं अजून लहान आहेत, त्यांनी आठवीची राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा चुकवू नये. उत्पन्न ३.५ लाखांच्या आत हवं. नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. त्या परीक्षेत पास होऊनही यादीत न बसलेल्या मराठा-कुणबी मुलांना पुण्याची 'सारथी' संस्था वर्षाला ९,६०० रुपये देते. लहानपणी कागद करायची सवय लागली, की पुढचं सोपं जातं.

कागद : लागणीआधीची मशागत

आता खरी गोष्ट. अर्ज भरायला एक तास लागतो, कागद गोळा करायला तीन महिने. पुढील कागद एका पिशवीत करून ठेवा.

उत्पन्नाचा दाखला : तहसीलदारांचा. १ एप्रिलनंतर, मागचं आर्थिक वर्ष संपलं की लगेच काढावा. सातबारा, आठ-अ, शिधापत्रिका सोबत लागते. शेती, दूध, नोकरी असं सगळं उत्पन्न खरं सांगावं. खोटा दाखला पुढं मुलाच्याच अंगावर येतो.

अधिवास दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला : दोन्हींवरचं नाव आणि जन्मतारीख जुळते का ते पाहा.

जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र : व्यावसायिक शिक्षणात राखीव जागेवर जाणाऱ्यांना वैधता लागतेच. ते जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडून मिळतं आणि वेळ खातं, म्हणून मूल अकरावीत गेल्याबरोबर अर्ज द्यावा. इतर मागास वर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांचा शाळेतला दाखल-खारीजचा उतारा किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातली कोतवाल बुकाची नक्कल इथं कामी येते. घरात काका किंवा चुलतभावाची वैधता झालेली असेल तर तीही जोडावी, काम हलकं होतं.

नॉन-क्रीमीलेअर दाखला : इतर मागास आणि विमुक्त-भटक्यांसाठी. तीन वर्षांच्या उत्पन्नावर मिळतो.

बँक खातं : मुलाच्या स्वतःच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं. पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जातातच असं नाही. आधार शेवटी ज्या खात्याला जोडलं, त्यात ते जातात. बापाच्या पीककर्जाच्या खात्याचा इथं उपयोग नाही.

सर्वांत जास्त अर्ज अडतात ते नावापायी. सातबाऱ्यावर 'ज्ञानेश्वर', आधारवर 'ज्ञानेश्वरराव', शाळेत नुसतं 'ज्ञानदेव'. कुठं आडनाव देशमुख, कुठं पाटील. आपल्याकडं मानानं 'राव' लावायची रीत चांगली, पण संगणकाला मान कळत नाही. बारावीच्या परीक्षेआधी, जानेवारीत, सुरू उसाची लागण चालू असतानाच सगळी नावं सारखी करून घ्या.

सेतू किंवा आपले सरकार केंद्रात अर्ज दिला, की पावती घ्या आणि जपून ठेवा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं दाखल्यांना मुदत ठरवून दिली आहे. मुदतीत दाखला मिळाला नाही तर वर अपील करता येतं, पण त्याला पावती लागते.

नंबर सरकारी फेरीतूनच लावा

ही सूचना ठळक अक्षरांत वाचावी. व्यावसायिक शिक्षणाची सवलत ही सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, म्हणजे 'कॅप'मधून, प्रवेश घेतलेल्यांनाच मिळते. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली की सवलत गेली. आपल्याच भागातल्या एका सभासदाला एका मध्यस्थानं "लवकर जागा देतो" म्हणून फेरी सुरू होण्याआधीच पैसे भरायला लावले. मुलाला गुण इतके होते, की फेरीतून तशाच कॉलेजात नंबर लागला असता. चार वर्षं त्यांना पूर्ण फी भरावी लागली आणि संत्र्याचा बगीचा दोनदा आधीच व्यापाऱ्याला द्यावा लागला. जागा मिळण्याची घाई करू नका, फेरीची वाट पाहा.

प्रवेश घेताना कॉलेजच्या कचेरीत सांगा, की आम्ही सवलतीला पात्र आहोत. पात्र विद्यार्थ्याकडून माफ होणारी फी आधी वसूल करू नये, असे शासनाचे आदेश आहेत. नम्रपणे, पण लेखी विचारा.

अर्ज भरला म्हणजे काम संपलं नाही

अर्ज आधी कॉलेजच्या लिपिकाकडं, मग प्राचार्यांकडं, मग खात्याकडं जातो. कुठं त्रुटी निघाली तर तो परत मुलाच्या खात्यावर येतो, आणि मूल पाहतच नाही. दर आठ दिवसांनी अर्जाची स्थिती पाहावी. उसाच्या फडाला लागण झाल्यावर आपण फेरी मारतो की नाही? तसंच हे.

आणखी दोन गोष्टी. शिष्यवृत्ती एकदा मिळाली म्हणून दरवर्षी आपोआप येत नाही. दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो. खोडवा आहे म्हणून पाणी-खत बंद केलं तर काय होतं, ते आपण जाणताच. आणि मुलाची हजेरी चांगली हवी. गैरहजर राहणाऱ्याची शिष्यवृत्ती बंद पडते, हे मुलाला आधीच सांगून ठेवा.

वर्षाचं वेळापत्रक

जानेवारी-फेब्रुवारी : नावं, आधार, बँक खातं तपासा.
एप्रिल-मे : उत्पन्नाचा, अधिवासाचा, अल्पभूधारकाचा दाखला काढा.
जून ते ऑगस्ट : निकाल आणि प्रवेशाच्या फेऱ्या. मूळ कागद जवळ ठेवा.
प्रवेश झाल्याबरोबर : दोन्ही संकेतस्थळांवर अर्ज. शेवटच्या तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका.
त्यापुढं : दर आठ दिवसांनी अर्जाची स्थिती, आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज.

सभासद बंधूंनो, येत्या ऊसनोंदीच्या वेळी आमचे शेतकी मदतनीस तुमच्या बांधावर येतील, तेव्हा घरात आठवीचं, दहावीचं किंवा बारावीचं लेकरू आहे का, हे त्यांना जरूर सांगा. कागदांची यादी ते देतील. ऊसबिलाचा किंवा नोंदीचा दाखला लागला तर गट कचेरीतून मागून घ्या. भगिनी सभासदांनी स्वतः यावं, मुलींच्या बाबतीत तर नक्कीच यावं. पिशवीत कागद तयार असतील, तर जुलै महिन्यात सावकाराच्या ओट्यावर जायची पाळी बऱ्याच घरांवर येणार नाही. वावर विकून शिकवण्यापेक्षा वेळेवर दाखला काढून शिकवणं केव्हाही बरं.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी